शेजारच्या बंगल्यात हॉटेल येतंय: हरकत कशाला घ्यायची आणि कुठे

प्रश्न थोडक्यात असा. कोथरूडमधल्या एका आतल्या रस्त्यावर बावीस फ्लॅटची, पाच मजली सोसायटी आहे. शेजारचा दुमजली बंगला मालकांनी लांब मुदतीच्या भाड्याने दिलाय आणि तिथे तळमजला, पहिला मजला आणि गच्ची मिळून ऐंशी माणसं बसतील असं रेस्टॉरंट येणार आहे. पाटी लागली आहे, आतली तोडफोड अजून सुरू व्हायची आहे. सोसायटीच्या सभेत आठ जण कडकडून विरोधात, पाच जण "बरंच झालं, खाली उतरून जेवता येईल" म्हणणारे, बाकीचे गप्प. विचारणारे नवे सेक्रेटरी आहेत. रहिवाशांच्या मताला कायद्यात किती किंमत आहे आणि अर्ज कुणाकडे करायचा, हे त्यांना हवंय.

मी सत्तावीस वर्षं पुण्यात आर्किटेक्ट म्हणून काम करतोय. हॉटेलवाल्यांचे नकाशे मंजूर करून घेतलेत आणि हॉटेलांविरुद्ध सोसायट्यांना अर्जही लिहून दिलेत. दोन्हीकडचं मीठ खाल्लंय, त्यामुळे दोन्हीकडच्यांना थोडं झोंबेल.

शेजारी हॉटेल हवं की नको, हे महापालिका तुम्हाला विचारणार नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४४ खाली मालकाने अर्ज करायचा आणि कलम ४५ खाली महापालिकेने परवानगी द्यायची किंवा नाकारायची. व्यवहार दोघांचाच. शेजाऱ्याला नोटीस नाही, सुनावणी नाही. नागरिकांच्या हरकती-सूचना मागवतात त्या शहराचा विकास आराखडा करताना, किंवा कलम ३७ खाली त्यात फेरबदल करताना. म्हणजे तुमच्या रस्त्यावर काय चालेल हे ठरत होतं तेव्हा वर्तमानपत्रात बारीक टायपात नोटीस आली होती, आणि ती तुम्ही-आम्ही कुणी वाचली नव्हती. गंमत बघा, त्या बंगल्याच्या दारातलं आंब्याचं झाड तोडायचं असेल तर बुंध्यावर नोटीस डकवून सात दिवसांत तुमच्या हरकती मागवतील. झाडाखाली मांडायच्या खुर्च्यांबद्दल मात्र कुणी विचारणार नाही.

माझी भाची मेलबर्नच्या एका उपनगरात राहते. तिथे अशा प्रस्तावाची पाटी बहुतेक वेळा जागेवरच लागते, किमान चौदा दिवस हरकती घेतात, आणि कौन्सिलचा निर्णय पटला नाही तर हरकत घेणारा माणूस राज्याच्या न्यायाधिकरणात जाऊ शकतो. तिच्या गल्लीत येणाऱ्या एका कॅफेबद्दल शेजाऱ्यांनी काय लिहिलं होतं ते तिने मला फोनवर वाचून दाखवलं. गाड्या कुठे लावणार, वास येईल, आवाज होईल, आणि शेवटी "आमच्या भागाचं वळण बिघडेल". थेट आपली वार्षिक सर्वसाधारण सभा! फरक एवढाच की तिथे ते ऐकून घ्यायला एक खिडकी आहे. इथे खिडकी नाही, पण पाच-सहा झरोके आहेत. प्रत्येक झरोक्यातून एकाच प्रकारची तक्रार आत जाते. सगळं गाऱ्हाणं एका झरोक्यातून कोंबायला गेलात की कागद परत येतो.

वीसेक वर्षांपूर्वी एरंडवण्यातल्या एका सोसायटीने असा लढा दिला होता. एकशे चाळीस सह्यांचं निवेदन, नगरसेवकांची भेट, रविवारी सकाळी फलक घेऊन उभं राहणं, सगळं यथासांग झालं. निवेदनात मागणी एकच: हॉटेल नको. अधिकाऱ्याने ते वाचलं, चहा पाजला आणि कागद फायलीला लावला, कारण परवानगी नाकारता येईल असं एकही कारण त्यात नव्हतं. हॉटेल सुरू झालं. सहा महिन्यांनी कळलं की भटारखान्याच्या धुराड्याचं तोंड नेमकं दुसऱ्या मजल्यावरच्या एका आजींच्या झोपायच्या खोलीसमोर आलंय. आजींना दमा. ते धुराडं वर न्यायला पुढे दीड वर्ष गेलं. काम सुरू व्हायच्या आधी कुणी बोललं असतं तर एका बैठकीत झालं असतं, कारण तोवर पत्रा कापलेलाही नव्हता. एकशे चाळीस सह्यांच्या त्या कागदात "धुराडं" हा शब्दच नव्हता.

तुमच्याकडे तोडफोड अजून सुरू व्हायची आहे. म्हणजे वेळ आहे.

पहिलं काम कागद काढायचं. मुंबई सोडून राज्यातल्या बहुतेक शहरांना डिसेंबर २०२० पासून एकच बांधकाम नियमावली लागू आहे, बोलताना सगळे तिला यूडीसीपीआर म्हणतात. निवासी भागात कोणता धंदा चालेल हे ती मुख्यतः समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरवते. अरुंद गल्लीत मोजक्या दुकानांना वाव, रुंद रस्त्यावर बराच जास्त. टेप घेऊन रस्ता मोजत बसू नका. विकास आराखड्यात तुमचा रस्ता किती रुंद दाखवलाय ते पाहा आणि झोन दाखला, म्हणजे ती जमीन आराखड्यात कोणत्या वापराच्या पट्ट्यात येते ते सांगणारा कागद, मागवा, कारण आज दिसणारी रुंदी आणि आराखड्यातली रुंदी पुष्कळदा वेगळी असते.

मग बंगल्याचा मंजूर नकाशा आणि भोगवटा पत्र. बंगला राहण्यासाठी म्हणून मंजूर झाला असेल तर वापरातला बदल मंजूर करून घ्यावाच लागतो. पुण्यातली बरीच प्रकरणं इथे अडकतात. "आत फक्त रंग आणि फर्निचर चाललंय" म्हणून काम सुरू होतं, मग पुढच्या मोकळ्या जागेवर पत्रा चढतो, साइड मार्जिनमध्ये भटारखाना आणि भांडी घासायची मोरी सरकते, आणि गच्चीवर बांबूचा मांडव उभा राहतो. मार्जिन म्हणजे उजेड-वारा यावा आणि वेळ पडली तर बंबवाल्यांना आत शिरता यावं म्हणून मोकळी ठेवलेली पट्टी. तिच्यावर टाकलेलं शेड ही अशी तक्रार आहे की जिच्यात अधिकाऱ्याला स्वतःचं डोकं चालवावं लागत नाही, नकाशा आणि फोटो शेजारी ठेवले की काम झालं. गच्चीवरच्या टेबलांचंही तेच. मंजूर नकाशात गच्ची मोकळी दाखवली असेल तर तिथे जेवणावळ बसू शकत नाही.

हे कागद माहितीच्या अधिकारात मिळतात. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एका अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत, असे महाराष्ट्राचे नियम आहेत. उत्तराला तीस दिवसांची मुदत. अर्जात "का" विचारू नका, "प्रत द्या" एवढंच म्हणा. "रहिवासी भागात हॉटेलला परवानगी का दिली" असा अर्ज हमखास रिकाम्या हाताने परत येतो.

आणखी एक कागद फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. पुण्याच्या जुन्या उपनगरांत भूखंडधारकांच्या सहकारी संस्था आहेत. जमीन संस्थेची, सभासदाला लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिलेली, आणि त्या भाडेपट्ट्यात फक्त राहण्यासाठी वापर करण्याची अट पुष्कळदा असते. शेजारचा बंगला अशा संस्थेत असेल तर तिचा सभासद सहकार कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात दाद मागू शकतो. तुम्हाला ती वाट नाही, तुमची सोसायटी वेगळी. पण बंगल्याच्या पलीकडच्या अंगाला राहणारे काका त्या संस्थेत असतील तर त्यांच्याकडे एकदा चहाला जाऊन या.

समजा, कागद स्वच्छ निघाले. मग हॉटेल होणार असं धरून चाला आणि सगळं लक्ष ते कसं होणार याकडे वळवा.

सगळ्यात आधी धुराडं. शेगड्यांवर हूड असतो, त्यात तेलकट वाफ अडवणाऱ्या जाळ्या, पुढे पत्र्याचा डक्ट आणि टोकाला ब्लोअर. बंगला दुमजली, तुमची इमारत पाच मजली. त्यांनी धूर स्वतःच्या गच्चीवर सोडला तर कागदोपत्री तो "छपराच्या वर" असेल आणि प्रत्यक्षात तुमच्या तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या स्वयंपाकघरात. या सगळ्या प्रकरणातली ही सगळ्यात मोठी अडचण आहे आणि सभेच्या वृत्तांतात तिचा उल्लेखही नाही! यावर उपाय आहेत. डक्ट बंगल्याच्या लांबच्या बाजूने न्यायचा, आधार देऊन उंच करायचा, आणि ते जमण्यासारखं नसेल तर धूर पाण्याच्या फवाऱ्यातून किंवा विजेवर चालणाऱ्या गाळणीतून काढून मग सोडायचा. शेवटचा उपाय महाग आहे आणि त्याची निगा राखावी लागते, म्हणून हॉटेलवाला तो आपण होऊन सुचवणार नाही. ब्लोअर कुठे बसणार तेही विचारा. तो दुपारी बारापासून रात्रीपर्यंत घोंघावत असतो. रबरी पॅडवर बसवला तर ठीक, तुमच्याकडच्या भिंतीला ब्रॅकेट ठोकून टांगला तर झोपेचं खोबरं. जाळ्या किती दिवसांनी धुणार हेही विचारून ठेवा, कारण डक्टच्या आत साठलेली चरबी पेटते तेव्हा ज्वाळा डक्टच्याच वाटेने वर चढते.

तंदूर असणार का, आणि असेल तर कोळशावर की गॅसवर? मुंबईत उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना इंधन बदलायला सहा महिने दिले आणि पाठोपाठ महापालिकेने कोळशाच्या तंदूरवाल्यांनाही नोटिसा काढल्या. तो आदेश मुंबईपुरता, पण तुमच्या पत्रात "गॅसचा किंवा विजेचा तंदूर" अशी मागणी घालायला त्याचा आधार चांगला आहे.

पाणी आणि ड्रेनेज यांवर सभेत कधीच कुणी बोलत नाही, कारण ते दिसत नाही. भारतीय मानकांत उपाहारगृहासाठी दर खुर्चीमागे दिवसाला ७० लिटर पाणी धरतात. ऐंशी खुर्च्या म्हणजे ५,६०० लिटर. तुमचे बावीस फ्लॅट, घरटी पाच माणसं आणि माणशी १३५ लिटर धरले तर साधारण १४,८५० लिटर होतात. म्हणजे तुमच्या सगळ्या सोसायटीच्या एक-तृतीयांशाहून जास्त पाणी एक बंगला ओढणार. ते नळाला येणार नाही, टँकरने येणार. टँकर कुठे उभा राहणार, किती वाजता, आणि त्याचा पंप किती वेळ चालणार? शिवाय जेवढं पाणी आत येतं तेवढं खरकटं आणि तेल घेऊन बाहेर पडतं. मोरीच्या तोंडाशी ग्रीज ट्रॅप, म्हणजे तेल-चरबी अडवणारी टाकी, नसेल किंवा असून साफ होत नसेल तर तेल लाइनीत थिजतं. रस्त्याखालची जुनी लाइन दोघांची एकच असेल तर ती तुंबल्यावर पहिला फुगवटा दिसतो तो तुमच्या तळमजल्याच्या बाथरूममध्ये. दोन ठिकाणी मी हे डोळ्यांनी पाहिलंय. एका ठिकाणी तळमजल्यावरचं कुटुंब हॉटेलचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक होतं, सभेत हॉटेलच्या बाजूने तावातावाने भांडलं होतं. पुढचं मी सांगत नाही.

आगीबद्दल थोडक्यात, पण हे टाळू नका. डिसेंबर २०१७ च्या अखेरीस मुंबईत लोअर परळच्या कमला मिल आवारातल्या गच्चीवरच्या पबांना आग लागली आणि १४ माणसं गेली, त्यातली बरीच स्वच्छतागृहाच्या आडोशाला गेलेली आणि धुरात गुदमरलेली. बाहेर पडायची वाट नीट नव्हती आणि वर पेट घेणारं छत होतं. तुमच्या शेजारच्या बंगल्याला गच्चीवर जायला जिना एकच असणार, तोही घरगुती मापाचा. त्यावरून चाळीस माणसं एकदम उतरतील का, हा प्रश्न अग्निशमन दलाला लेखी विचारा. २००६ च्या राज्याच्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू असल्याचा दाखला, ज्याला सगळे "बी फॉर्म" म्हणतात, दर वर्षी जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो. हॉटेल सुरू झाल्यावर वर्षातून दोनदा त्याची प्रत मागायची सवय ठेवा. सिलिंडरचं एक बारीक गणित आहे. शंभर किलोपर्यंत गॅस ठेवायला स्फोटक विभागाचा परवाना लागत नाही. व्यावसायिक सिलिंडर १९ किलोचा, म्हणजे पाच ठेवले की ९५. म्हणून कागदावर नेहमी पाचच असतात. मागच्या बोळात किती दिसतात ते मोजा. तुमच्या रस्त्याला पाइपचा गॅस आला असेल तर तोच घ्या असा आग्रह धरा. यात हॉटेलवाल्याचाही फायदा आहे, पटकन ऐकतो.

आता आवाज. सभेतले आठ जण याच मुद्द्यावर तापले होते आणि नेमकं याच मुद्द्यावर लोक सगळ्यात ढिसाळ लिहितात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, व्यापारी भागात ६५ आणि ५५. रात्र म्हणजे दहा ते सहा. खासगी जागेतल्या यंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेच्या वर ५ डेसिबलपेक्षा जास्त जाता कामा नये. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक फक्त बंदिस्त जागेत, आणि गच्ची ही बंदिस्त जागा नव्हे, वर ताडपत्री टाकली तरी. एवढं एक वाक्य पोलिसांकडच्या अर्जात असलं तर निम्मी वादावादी वाचते.

पण मीटरच्या भरवशावर फार राहू नका. सरकारी मोजणी माणसाच्या कानाच्या कलाने होते आणि खर्जातला आवाज कमी धरते. ६३ हर्ट्झच्या धपधपीतून मीटर सुमारे २६ डेसिबल वजा करतं. म्हणून मीटर ४८ दाखवतं आणि तुमच्या कपाटातल्या वाट्या किणकिणत असतात. या "धप-धप"वर उपाय आकड्यांत नाही, स्पीकर कुठे आणि कसे बसवायचे यात आहे. भिंतीला जोडायचे नाहीत, तोंड तुमच्याकडे नको, आणि बेससाठीचा मोठा डबा गच्चीवर अजिबात नको. हे आधी मान्य करून घ्यायला सोपं, नंतर पोलिसांना समजावायला अवघड.

शिवाय खरा त्रास संगीताचा नसतोच. अकरा वाजता संगीत बंद होतं. मग निरोप सुरू होतात. आपली माणसं जेवून बाहेर पडली की फाटकापाशी अर्धा तास उभी राहतात, "या एकदा घरी" चारदा म्हणतात, गाडीचं दार तीनदा उघडतात. त्यानंतर मागच्या बाजूला भांडी, आणि साडेबाराच्या सुमारास रिकाम्या बाटल्या ड्रममध्ये ओतल्याचा आवाज. माझ्याकडे आलेल्या तक्रारींत झोपमोडीची वेळ बहुतेक बारा ते एकची असते, म्हणजे हॉटेल बंद झाल्यानंतरची. म्हणून मागणी अशी करा: भांडी घासायची जागा आणि कचऱ्याचे ड्रम तुमच्या बाजूला नकोत, बाटल्या सकाळी नऊनंतर हलवायच्या, आणि शेवटची ऑर्डर किती वाजता ते पाटीवर लिहायचं.

पार्किंगवर मी फार लिहीत नाही, कारण त्यावर तुम्ही सगळे तज्ज्ञ आहात. एवढंच, की मंजूर नकाशात दाखवलेलं पार्किंग प्रत्यक्षात टेबलांनी भरलंय का ते पाहा. व्हॅलेवाले पोरगे गाड्या तुमच्या फाटकासमोर लावणार हे नक्की. त्यावर लढाई महापालिकेशी नसून वाहतूक पोलिसांशी असते आणि ती दर शनिवारी नव्याने लढावी लागते.

दारूचं वेगळं. परमिट रूमचा परवाना महापालिका देत नाही. राज्य उत्पादन शुल्क खातं तपासणी करतं आणि जिल्हाधिकारी परवाना देतात. जवळ शाळा किंवा देऊळ असेल तर अंतराचा प्रश्न तिथे उपस्थित करता येतो. मार्च २०२५ मध्ये विधानसभेत सोसायटीच्या ना हरकत दाखल्याची जी घोषणा झाली, तिचा आधार तुमच्या सभेत एकाने घेतला म्हणे. ती घोषणा सोसायटीच्या आवारातल्या बिअर शॉप आणि दारूच्या दुकानांबद्दल होती. तुमचा बंगला तुमच्या आवारात नाही. ते हत्यार तुमचं नाही. बंगलेवाल्याने मद्य परवान्यासाठी अर्ज केलाय का, एवढं आधी शोधा. केला नसेल तर निम्म्या विरोधकांचा विरोध तिथेच मावळेल असा माझा अंदाज आहे.

मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला मध्यरात्रीनंतर एका भरधाव गाडीने दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला आणि रहिवासी रस्त्यावर उतरले. पबांचा आवाज, रस्त्यावरच्या गाड्या, पहाटेपर्यंतचा धिंगाणा याबद्दल ते कितीतरी आधीपासून लिहीत होते. मग कारवाई झाली ती कशावर? परवान्याच्या अटी, बंद करायची वेळ आणि बेकायदा शेड. "भागाचं वळण" या सदराखाली कुणावरच कारवाई झाली नाही, होऊही शकत नाही.

सभेचा वृत्तांत वाचताना मला एक गोष्ट खटकली. मांसाहार आणि "तसले लोक येतील" ही दोन वाक्यं आडून-आडून तीनदा आली आहेत. ती अर्जात घालू नका. नियमात बसत नाहीत हे झालंच, पण ती एकदा लिहिली की तुमच्या खऱ्या मुद्द्यांकडेही अधिकारी त्याच चष्म्यातून पाहतो. आणि वासाचंच म्हणाल तर धूर मटणाचा की मिरचीच्या फोडणीचा हे फुप्फुसाला कळत नाही. माझ्या पाहण्यातलं सगळ्यात त्रासदायक धुराडं एका शुद्ध शाकाहारी हॉटेलचं होतं, दिवसभर डोसे. शेजाऱ्यांनी पहिली दोन वर्षं तक्रारच केली नाही, कारण हॉटेल "चांगलं" होतं.

हॉटेल हाकलून लावलेल्यांचंही एक उदाहरण सांगतो. कर्वेनगरच्या बाजूला एका सोसायटीने मालकावर इतका दबाव आणला की हॉटेलवाला कंटाळून गेला. वर्षभरात तिथे क्लास आला. सकाळी सहापासून तीन बॅचेस, फाटकासमोर शे-दीडशे दुचाक्या, आणि खाली क्लासच्या मुलांसाठी चहाची टपरी. रात्री मात्र निवांत असतं, हे त्यांचे अध्यक्ष अजून सांगतात.

आता करायचं काय? पहिलं पत्र महापालिकेला लिहू नका, हॉटेलवाल्याला लिहा. बंगल्याच्या मालकांना आणि भाडेकरूला दोघांनाही, सोसायटीच्या लेटरहेडवर. हॉटेलवाल्याकडे या घडीला आर्किटेक्टचा नकाशा असतो, भाडं सुरू झालेलं असतं आणि काम लांबलं तर रोजचं नुकसान असतं. अशा वेळी माणूस बोलायला तयार असतो. नकाशा घेऊन सोसायटीत येऊन दाखवायची विनंती करा. त्या बैठकीला आठ विरोधक आणि पाच समर्थक दोन्ही हवेत, पण बोलायला फक्त दोघं ठरवा. जे ठरेल त्याचं एका पानाचं टिपण करा: धुराड्याचं तोंड कुठे, ब्लोअर कुठे, भांड्यांची मोरी कुठे, ग्रीज ट्रॅप किती दिवसांनी साफ होणार, टँकरची वेळ, स्पीकर कुठे, गच्ची वापरणार की नाही आणि वापरणार तर कितीपर्यंत, आणि रात्री अकरानंतर उचलला जाईल असा एक फोन नंबर. दोघांच्या सह्या. कायद्याच्या दृष्टीने तो कागद फार भक्कम नाही. पण नंतर पोलीस चौकीत किंवा वॉर्ड ऑफिसात तक्रार घेऊन गेलात आणि हा कागद समोर ठेवलात, तर बोलणं तुमच्या बाजूने सुरू होतं.

त्याच कागदाच्या प्रती वेगवेगळी पत्रं जोडून वेगवेगळीकडे द्यायच्या. मार्जिन, गच्ची आणि वापरबदल बांधकाम विभागाला. जिना आणि सिलिंडर अग्निशमन दलाला. पाटी आणि धंद्याचा परवाना परवाना व आकाशचिन्ह विभागाला. मद्याचं असेल तर उत्पादन शुल्क. आवाजाचं पोलिसांना, पण ते हॉटेल सुरू झाल्यावर. प्रत्येक पत्र एका पानाचं, आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. अनुभवाने सांगतो, सहा विषयांचं एक पत्र सहा टेबलांवर फिरतं आणि सातव्यावर हरवतं. सगळं करूनही धूर-सांडपाण्याचा उपद्रव सुरूच राहिला तर नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं हे कलम १३३, आणि त्याच्याच आधारे १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने रतलामच्या नगरपालिकेला तुंबलेल्या गटारांवरून कामाला लावलं होतं. ते शेवटचं दार आहे, पहिलं नव्हे.

तुम्ही विचारलंय की सेक्रेटरी म्हणून तुमचं स्वतःचं मत पत्रात लिहावं का. लिहू नका. तेरा जणांची मतं सभेच्या वृत्तांतात नावानिशी आलीच आहेत, आणि गप्प बसलेल्यांपैकी तळमजल्यावरच्या आणि बंगल्याच्या बाजूच्या खोल्यांत झोपणाऱ्या घरांना मात्र तुम्ही स्वतः जाऊन भेटा. त्रास त्यांनाच व्हायचा आहे आणि सभेत तेच बोललेले नाहीत.

आणि हॉटेल सुरू व्हायच्या आधीचा आवाज मोजून ठेवा. बंगल्याच्या बाजूच्या तीन खिडक्यांत, रात्री दहा, अकरा आणि बारा वाजता, दहा-दहा मिनिटं, तारीख-वेळ टाकून. फोनवरचं ॲप चालेल, पुरावा म्हणून ते कच्चं आहे पण तुलनेला पुरतं. एक साधा दिवस आणि एक शनिवार घ्या. शनिवार शक्यतो हाच. कोपऱ्यावरच्या मंडळाचा गणपतीचा मांडव उभा राहिला की पुढचे दहा-बारा दिवस तुमचे आकडे कुठल्याच कामाचे राहणार नाहीत.